कालसंबंधांच्या दुहेरी व्याख्या : सामाईक संज्ञाव्यवस्थेतील एका दोषाचे स्वरूप आणि परिहार

१

वाङ्मयेतिहासाच्या अभ्यासकाचे ज्या शब्दांवाचून क्षणभरही चालत नाही, त्यांत 'पूर्वी', 'नंतर', 'समकालीन' आणि 'अमुकाच्या काळात' ह्या अगदी साध्या शब्दांची गणना करावी लागेल. 'ज्ञानेश्वरी' शके १२१२ मध्ये, यादव राजा रामचंद्र ह्याच्या राजवटीत सिद्ध झाली. कन्नडमधील 'कविराजमार्ग' हा राष्ट्रकूट नृपतुंग अमोघवर्षाच्या काळातला. तेलुगू महाभारताच्या रचनेत नन्नयानंतर तिक्कन आणि तिक्कनानंतर एर्रन. अशी विधाने आपण नित्य करतो आणि त्यांतील कालवाचक शब्दाचा नेमका आशय वाचक प्रसंगावरून जाणून घेईल असे गृहीत धरतो. वाचक माणूस असतो तोपर्यंत हे गृहीत बहुधा खरेही ठरते.

परंतु आज ग्रंथसूची, हस्तलिखितांच्या याद्या आणि लेखकांचे चरित्रकोश संगणकावर एकत्र आणले जात आहेत. एका भाषेतील अभ्यासकाने केलेली नोंद दुसऱ्या भाषेतील नोंदीशी जोडून त्या दोहोंवरून तिसरे अनुमान काढण्याचे काम यंत्राकडे जात आहे. यंत्राला प्रसंग कळत नाही. त्याला कळते ती केवळ आपण लिहून दिलेली व्यवस्था. तेव्हा 'पूर्वी' म्हणजे काय, हे एकदाच आणि निःसंदिग्धपणे सांगणे अपरिहार्य होते. ह्या सांगण्यात पुष्कळदा आढळणारा एक दोष, म्हणजे कालसंबंधांच्या व्याख्यांची पुनरावृत्ती, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. हा दोष दिसतो त्यापेक्षा खोल आहे, आणि तो दूर करताना घाई केली तर मूळ दोषाहून मोठी हानी होते, एवढेच येथे दाखवावयाचे आहे.

२

तत्त्वज्ञानात 'ऑन्टॉलॉजी' म्हणजे सत्ताशास्त्र. संगणकविद्येने हाच शब्द उचलून त्याला मर्यादित अर्थ दिला. एखाद्या ज्ञानक्षेत्रात कोणत्या प्रकारच्या वस्तू व घटना मानावयाच्या, त्यांच्यामध्ये कोणते संबंध मानावयाचे, त्या प्रत्येकाचे नाव, व्याख्या आणि क्रमांक कोणता, ह्यांची सर्वांनी मिळून वापरावयाची मांडणी म्हणजे ऑन्टॉलॉजी. ह्या लेखात तिला सामाईक संज्ञाव्यवस्था असे म्हटले आहे.

भारतीय वाङ्मयाच्या अभ्यासकाला तिचे स्वरूप कोशाच्या उपमेने लवकर ध्यानात येईल. अमरकोशात एका अर्थाचे अनेक शब्द एकत्र गुंफलेले आहेत, आणि तिसऱ्या कांडातील नानार्थवर्गात एका शब्दाचे अनेक अर्थ दिलेले आहेत. कवीच्या दृष्टीने ह्या दोन्ही गोष्टी वैभवाच्या होत. पर्याय नसते तर वृत्त कसे सांभाळावे, आणि अनेकार्थ नसते तर श्लेष कसा साधावा? संज्ञाव्यवस्थेचा धर्म नेमका उलटा आहे. तेथे एका अर्थाला एकच क्रमांक आणि एका क्रमांकाला एकच अर्थ असावा लागतो. पर्यायी नावांना मज्जाव नाही. मात्र ती त्या एकाच क्रमांकाखाली नोंदवावी लागतात. हा नियम मोडला की एकच संबंध दोन ठिकाणी विभागला जातो; अर्ध्या नोंदी एका क्रमांकाखाली, अर्ध्या दुसऱ्याखाली, आणि शोध घेणाऱ्याच्या हाती निम्माच पुरावा लागतो.

ह्या व्यवस्थांची सर्वांत मोठी कसोटी जीवशास्त्रात लागली, म्हणून तेथील अनुभव आपल्याला उपयोगी आहे. निरनिराळ्या जीवांवर काम करणाऱ्या गटांनी आपापल्या संज्ञाव्यवस्था रचल्या होत्या, पण 'चा भाग असणे', 'च्या पूर्वी घडणे' असे संबंध प्रत्येकाने आपापल्या परीने वापरले होते. बॅरी स्मिथ व त्यांचे सहकारी ह्यांनी २००५ मध्ये 'जीनोम बायॉलॉजी' ह्या नियतकालिकात अशा दहा मूलभूत संबंधांच्या काटेकोर व्याख्या मांडल्या. त्यांत पूर्वापरतेचा संबंध होता. त्या प्रयत्नातून वाढलेली 'रिलेशन ऑन्टॉलॉजी' आज अनेक संज्ञाव्यवस्थांना संबंध पुरवते. तिच्यातील पूर्वत्वाचा संबंध 'बेसिक फॉर्मल ऑन्टॉलॉजी' ह्या अधिक व्यापक व्यवस्थेच्या क्रमांकाने नोंदलेला आहे, आणि ही व्यापक व्यवस्था २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक म्हणून प्रसिद्ध झाली आहे.

३

कालसंबंधांचा पाया घालणारे दुसरे काम जेम्स ॲलन ह्यांचे. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी असे दाखविले की कोणतेही दोन कालखंड घेतले तर त्यांच्यामध्ये तेरांपैकी एक आणि एकच संबंध असू शकतो. एक कालखंड दुसऱ्याच्या पूर्वी संपून मध्ये अंतर राहील. किंवा एक जेथे संपेल तेथेच दुसरा सुरू होईल. किंवा पहिला दुसऱ्यात काही अंशी शिरेल. किंवा दोघे एकत्र सुरू होतील पण पहिला आधी संपेल. किंवा पहिला दुसऱ्याच्या सर्वस्वी पोटात राहील. किंवा दोघे एकत्र संपतील पण पहिला उशिरा सुरू झालेला असेल. हे सहा संबंध, त्यांचे सहा उलट संबंध आणि तेरावे पूर्ण समकालत्व.

ह्या तेरांचे मर्म असे की प्रत्येक संबंध केवळ चार बिंदूंच्या तुलनेवर उभा आहे : पहिल्याचा आरंभ व अंत, दुसऱ्याचा आरंभ व अंत. नावे कितीही फसवी असोत, चार बिंदू मांडले की संबंध उघड होतो. शकाचे आणि इसवी सनाचे नातेच पाहा. शके १२१२ म्हणजे इ. स. १२९० असे आपण सहज लिहितो. परंतु इसवी वर्ष जानेवारीत सुरू होते आणि शकाचे वर्ष चैत्रात. इसवी वर्ष डिसेंबरात संपते आणि शकवर्ष पुढच्या इसवी वर्षाच्या फाल्गुनात. म्हणजे ही दोन वर्षे समकाल नाहीत. पहिले दुसऱ्यात अंशतः शिरलेले आहे. एखाद्या पोथीच्या लेखनाची तिथी माघातील असेल तर '७८ मिळवा' ह्या सरधोपट नियमाने एक वर्षाची चूक होते. समकालत्व आणि अंशव्याप्ती हे भिन्न संबंध होत, ह्याचा हा घरगुती दाखला.

४

आता मूळ विषयाकडे वळू. रिलेशन ऑन्टॉलॉजीत 'क हे ख च्या पूर्वी आहे' ह्याची व्याख्या अशी आहे : क चा अंत ख च्या आरंभापूर्वी किंवा ख च्या आरंभाच्याच क्षणी होतो. ॲलन ह्यांच्या 'पूर्वी'त मात्र मध्ये अंतर हवेच. अंत आणि आरंभ एका क्षणी आले तर तो निराळा, लागून असण्याचा, संबंध ठरतो. म्हणजे शब्द एक आणि अर्थ दोन. पहिला 'पूर्वी' दुसऱ्या 'पूर्वी'ला आणि 'लागून असणे' ह्याला मिळून आपल्या पोटात घेतो. दोन्ही व्याख्या आपापल्या जागी निर्दोष आहेत; त्या एकच आहेत असे मानून नोंदी जोडणे हा दोष आहे.

हा फरक केवळ बिंदूचा, तो एवढा मनावर कशाला घ्यावयाचा, असे कोणी म्हणेल. परंतु सीमेवरील समानता मान्य केली की आणखी एक प्रश्न उभा राहतो. जी घटना क्षणमात्र आहे, जिचा आरंभ आणि अंत एकच आहे, ती ह्या व्याख्येनुसार स्वतःच्याच पूर्वीची ठरते. बेसिक फॉर्मल ऑन्टॉलॉजीच्या २०२० च्या आवृत्तीत समानतेच्या पक्षी 'दोहोंपैकी कोणीही क्षण नसावा' अशी पुरवणी आढळते, ती ह्यासाठीच. व्याख्येत एक पद कमी-अधिक झाले तर अनर्थ कसा होतो, हे न्यायशास्त्राच्या अभ्यासकाला सांगावयास नको. लक्षणाचे अव्याप्ती, अतिव्याप्ती आणि असंभव हे तीन दोष आपल्या परंपरेने फार पूर्वीच निश्चित केले आहेत.

५

दुहेरी व्याख्या अनेक मार्गांनी येतात. दोन गट एकमेकांना न कळवता एकच संबंध नोंदवितात; दोन जुन्या व्यवस्था एकत्र केल्यावर दोहोंतील नोंदी शेजारी येऊन बसतात; नवा संबंध नोंदविताना जुन्याची व्याख्या नमुना म्हणून उतरून घेतली जाते आणि बदलावयाची राहून जाते. परिणाम एकच दिसतो : दोन क्रमांकांखाली एकच व्याख्या. मात्र ह्या एका रूपामागे चार भिन्न परिस्थिती असू शकतात.

पहिली परिस्थिती खऱ्या पर्यायाची. दोन नावे, पण अभिप्रेत अर्थ एकच. 'च्या काळात घडते' आणि 'च्या कालावधीत होते' ह्यांत कोणालाही भेद अभिप्रेत नसेल तर तो निव्वळ गौरवदोष होय.

दुसरी परिस्थिती उलट संबंधाची. रिलेशन ऑन्टॉलॉजीत 'च्या काळात संपते' असा एक संबंध आहे, आणि 'ज्याच्या काळात दुसरे संपते' असा त्याचा उलट संबंध आहे. नावे इतकी सारखी की एकाची व्याख्या दुसऱ्याला चिकटविली गेली तर डोळ्यांना खटकणार नाही. पण परिणाम पाहा. 'ज्ञानेश्वरीची रचना रामचंद्र यादवाच्या राजवटीच्या काळात संपली' हे विधान उलटले तर 'रामचंद्राची राजवट ज्ञानेश्वरीची रचना चालू असताना संपली' असे होते. ही राजवट १२७१ पासून १३११ पर्यंत चालली, हे ज्याला ठाऊक आहे त्याला ह्या विधानाचे हसू येईल. यंत्राला येणार नाही. अशा उसन्या व्याख्येत अव्याप्ती आणि अतिव्याप्ती हे दोन्ही दोष एकदमच येतात : जे सामावावे ते बाहेर राहते, आणि जे बाहेर राहावे ते आत येते.

तिसरी परिस्थिती सामान्य-विशेषाची. 'पूर्वी' हा सामान्य संबंध, 'लगेच पूर्वी' हा विशेष. पहिल्यात अंत आरंभाच्या आधी किंवा त्याच क्षणी, दुसऱ्यात त्याच क्षणीच. ह्या दोहोंना चुकून एकच व्याख्या मिळाली आणि पुढे कोणी ते पर्याय समजून एकत्र केले, तर काय होते ते पारायणाच्या सप्ताहावरून कळेल. 'पूर्वी' हा संबंध साखळीने पुढे जातो : पहिला दिवस दुसऱ्याच्या पूर्वी, दुसरा तिसऱ्याच्या पूर्वी, म्हणून पहिला तिसऱ्याच्या पूर्वी. 'लगेच पूर्वी' हा असा पुढे जात नाही. दोन्ही एक केले की यंत्र पहिला दिवस सातव्याच्या 'लगेच पूर्वी'चा ठरवील, आणि तेही कोणतीही कुरकुर न करता.

चौथी परिस्थिती सर्वांत सूक्ष्म. दोन्ही संबंधांत काळाची तुलना एकच, पण एकात काळाबाहेरची एक अट अधिक असते. रिलेशन ऑन्टॉलॉजीत 'क ने ख चा आरंभ होतो' असे म्हणण्यास दोहोंचे आरंभबिंदू जुळणे पुरेसे नाही. क हा ख चा भाग असावा लागतो. ॲलन ह्यांच्या समनामक संबंधात ही अट नाही. एखाद्या मासिकाचा पहिला अंक हा त्या मासिकाच्या पहिल्या वर्षाचा आरंभ होय. त्याच दिवशी दुसऱ्या गावी सुरू झालेले व्याख्यानसत्र त्या वर्षाचा भाग नव्हे. भागत्वाची अट गळाली तर केवळ योगायोगाने एकत्र आलेल्या घटना एकमेकींच्या अवयव बनतात.

६

ह्यावरून परिहाराची दिशा स्पष्ट होते. दोन व्याख्या अक्षरशः सारख्या आहेत का, हे शोधण्यास मनुष्याची गरज नाही. जीवशास्त्रीय संज्ञाव्यवस्थांसाठी रचलेले, २०१९ मधील एका शोधनिबंधात वर्णिलेले 'रोबोट' नावाचे साधन अशी पुनरावृत्ती चूक म्हणून दाखविते. परंतु ते अक्षरे ताडून पाहते. भिन्न शब्दांत लिहिलेला एकच अर्थ त्याला सापडत नाही, आणि सापडलेल्या जोडीपैकी खरी व्याख्या कोणाची, हेही ते सांगू शकत नाही. अनुमान करणारे यंत्र तर गद्य व्याख्या वाचतच नाही. ते फक्त तर्कविधाने वाचते, म्हणजे हा संबंध साखळीने जातो, हा त्याचा उलट, हा त्याचा उपसंबंध, इत्यादी. गद्य व्याख्या वाचतो तो नोंद करणारा माणूस. म्हणून गद्य एक सांगत असेल आणि तर्कविधान दुसरे, तर नोंद करणारा आणि अनुमान करणारा हे दोघे एकाच क्रमांकाखाली दोन निराळ्या गोष्टी करीत राहतात.

तेव्हा पहिले काम म्हणजे दोन्ही संबंधांचा अभिप्रेत अर्थ आरंभ आणि अंत ह्यांच्या तुलनेत एकाच पद्धतीने लिहून काढणे. 'पूर्वी' आणि 'पूर्वी किंवा त्याच क्षणी' ह्यांतील भेद येथेच उघड व्हावा. दुसरे काम म्हणजे वापर पाहणे : आजवरच्या नोंदींत हे दोन संबंध कोणी, कोणत्या दिशेने आणि कशासाठी वापरले. नाव आणि व्याख्या ह्यांत विरोध असेल तर पुष्कळदा प्रत्यक्ष नोंदीच मूळ अभिप्रायाची साक्ष देतात.

ह्यानंतरच निर्णय घ्यावा. खरे पर्याय असतील तर एक क्रमांक राखावा आणि दुसरा कालबाह्य ठरवून त्यावर 'ह्याऐवजी अमुक पाहावे' असा निर्देश ठेवावा. त्याचे नाव राखलेल्या क्रमांकाखाली पर्याय म्हणून नोंदवावे. उलट संबंध असतील तर एकाची व्याख्या पूर्ण लिहून दुसरा त्याचा उलट असल्याचे माणसाला आणि यंत्राला दोघांनाही सांगावे. सामान्य-विशेष असतील तर विशेषाला सामान्याचा उपसंबंध करावे, आणि साखळीने जाण्याचा गुण केवळ सामान्याला द्यावा. अधिक अट असेल तर ती व्याख्येत शब्दशः आणावी. कोणत्याही परिस्थितीत कालबाह्य क्रमांक पुसून टाकू नये आणि तो दुसऱ्या अर्थाला देऊ नये. कारण तो कोठे कोठे उद्धृत झाला आहे ह्याची गणती कोणापाशीच नसते. अर्थच बदलावयाचा असेल तर नवा क्रमांक घ्यावा. पाठचिकित्सेत आपण हेच करीत आलो आहो : त्याज्य ठरलेला पाठ तळटीपेत राहतो, नाहीसा होत नाही. शेवटी, दुरुस्तीचे कारण आणि तिथी नोंदवून, ज्यांची उत्तरे आधीच ठाऊक आहेत अशी चारसहा उदाहरणे यंत्राकडून सोडवून घ्यावी.

७

वाङ्मयाच्या क्षेत्रात ही काळजी अधिकच घ्यावी लागते. तेथील काळाच्या सीमा क्वचितच स्पष्ट असतात. वस्तुसंग्रहालयांच्या नोंदींसाठी घडविलेल्या 'सिडॉक' संकल्पनाव्यवस्थेला २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. तिने आरंभी ॲलन ह्यांचे संबंध घेतले होते. पुढील आवृत्त्यांत मात्र 'ह्याचा आरंभ त्याच्या अंतापूर्वी' अशा, दोनच बिंदूंची तुलना करणाऱ्या आणि सीमा अंधूक असतानाही वापरता येणाऱ्या संबंधांची भर घातली. इतिहासात चारही बिंदू क्वचितच हाती येतात, हे त्यामागचे कारण.

तेलुगू महाभारत घ्या. नन्नयाने अकराव्या शतकात आरंभ केला आणि अरण्यपर्व अपुरे राहिले. तेराव्या शतकात तिक्कनाने विराटपर्वापासून पुढे रचना केली. अरण्यपर्वाचा उरलेला भाग चौदाव्या शतकात एर्रनाने पुरा केला. ग्रंथात एर्रनाचा भाग तिक्कनाच्या आधी येतो. काळात तो नंतरचा आहे. 'पूर्वी' हा एकच संबंध दोन्ही अर्थांनी वापरला तर दोन्ही विधाने खरी असूनही व्यवस्था परस्परविरोधी ठरेल. बाणाची 'कादंबरी' पाहा. ती त्याच्या हयातीत सुरू झाली आणि त्याच्या पश्चात पुत्राच्या हातून पुरी झाली. 'बाणाच्या काळातील रचना' ह्या एका शब्दप्रयोगाने हे सांगता येत नाही. 'च्या काळात सुरू होते' आणि 'च्या नंतर संपते' हे दोन संबंध वेगवेगळे हवेत. उलट 'कविराजमार्गा'च्या बाबतीत अमोघवर्षाच्या राजवटीच्या (इ. स. ८१४ ते ८७८) आत एवढे सांगून थांबणे हाच प्रामाणिकपणा, तेथे 'च्या काळात घडते' हाच संबंध योग्य.

आणि मतभेद? 'विवेकसिंधू'चा शके १११० हा काळ परंपरेने सांगितला जातो, पण तो सर्वमान्य नाही; मराठीतील आद्य ग्रंथ कोणता हा वाद ह्याच्याशीच निगडित आहे. अशा ठिकाणी एखादा अभ्यासक जाणूनबुजून 'पूर्वी किंवा त्याच सुमारास' असा सैल संबंध निवडतो. तो सैलपणा अज्ञानाचा नव्हे. पुरावा जेथवर जातो तेथवरच जाण्याचा तो संयम आहे. व्यवस्था नीटनेटकी करण्याच्या उत्साहात कोणी हे दोन संबंध 'सारखेच दिसतात' म्हणून एक केले, तर त्या अभ्यासकाच्या तोंडी त्याने न केलेले विधान घातले जाते, आणि ते त्याच्या नावाने सर्वत्र फिरते. भेद नसताना दोन क्रमांक ठेवणे म्हणजे खोटा भेद निर्माण करणे. भेद असताना ते एक करणे म्हणजे खरा भेद नाहीसा करणे. दुसरा अपराध पहिल्यापेक्षा मोठा आहे, कारण पहिला पुढे केव्हाही दुरुस्त करता येतो, दुसऱ्यात दुरुस्तीचा पुरावाच उरत नाही.

भारतीय भाषांच्या वाङ्मयेतिहासांची सामाईक व्यवस्था उभी करताना म्हणूनच तंत्रज्ञावर सर्व भार टाकून चालणार नाही. अमुक ग्रंथाबद्दल 'पूर्वी' म्हणताना आपल्याला नेमके काय म्हणावयाचे होते, हे केवळ त्या भाषेचा अभ्यासकच सांगू शकतो. ते त्याने एकदा आरंभ आणि अंत ह्यांच्या भाषेत लिहून दिले, म्हणजे दुहेरी व्याख्यांपैकी कोणती राखावी आणि कोणती कालबाह्य करावी, ह्याचा निर्णय बव्हंशी आपोआप होतो.